काचेचा धागा आणि कुंडीचा धडा

आपल्या स्मरणिकेत दरसाल धान्याचे भाव, बाजारपेठेतील अडचणी आणि करांचे नवे नियम यांवर उपयुक्त लेख येत असतात. प्रस्तुत लेखक चाळीस वर्षे घाऊक धान्याच्या व्यापारात असल्यामुळे त्याच्याकडूनही तशाच लेखाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु यंदा एका निराळ्या विषयावर चार शब्द लिहिण्याची वाचकांची परवानगी मागतो. तो विषय म्हणजे घरात फायबरचे इंटरनेट स्वतःच्या हाताने कसे खेळवावे, हा होय. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विजेचे अथवा यंत्राचे शास्त्र मी शिकलेलो नाही. तेव्हा पुढे जे सांगितले आहे ते पंडिताचे ज्ञान नसून ठेच लागलेल्या मनुष्याचा अनुभव आहे, अशा भावनेने ते वाचावे.

बुऱ्हाणपुरात शाही किल्ल्याच्या पायथ्याशी तापीचा राजघाट आहे. घाटावरून नदीच्या पात्रातील दगडी हत्ती दिसतो. पावसाळ्यात तो कितपत बुडाला हे पाहून पुराचा अंदाज घेण्याची आम्हां काठच्या लोकांची सवय आहे. या घाटापासून थोड्या चढावर आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. दर्शनी ओसरी, मध्ये चौक, मागे कोठार आणि वर माडी. भिंती दगड-चुन्याच्या असून दोन दोन फूट जाड आहेत. उन्हाळ्यात या भिंती आम्हांस थंडावा देतात. परंतु मोबाइलच्या लहरींनाही त्या तितक्याच निष्ठेने बाहेर ठेवतात.

आजवर ही गैरसोय आम्ही चालवून घेतली होती. दुकानाचे काम दुकानात होई. धान्याच्या राष्ट्रीय ई-बाजाराचा प्रारंभ १४ एप्रिल २०१६ रोजी झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल धाडण्यास ई-वे बिल आवश्यक झाले. तेव्हापासून आम्हां व्यापाऱ्यांचेही इंटरनेटवाचून चालेनासे झाले. तरी घरात त्याचे तितके अगत्य नव्हते. ते वाटू लागले सूनबाईमुळे. ती हिशेबाचे उच्च शिक्षण घेतलेली असून पुण्याच्या एका कंपनीत काम करते. तिला घरी राहून काम करण्याची मुभा सहा महिन्यांच्या अजमासापुरती मिळाली. काम सुरळीत झाले तर ती मुभा पुढे चालावयाची. न झाले तर तिला पुण्यास परत जाणे भाग होते आणि तिच्यामागोमाग मुलगा व नातूही जाणार, हे उघड होते. मुलाने एक दिवस जेवताना सहज सुचविले, “बाबा, नव्या वसाहतीत घर घेऊ. तिथे सगळे तयार मिळते.” त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु हे घर सोडण्याची गोष्ट आमच्या घरात त्या दिवशी प्रथम निघाली. माझी पत्नी काहीच बोलली नाही. ती ताट उचलून उठली एवढेच. तिचे ते न बोलणेच मला अधिक लागले.

म्हणून मी ठरविले की, जे नव्या वसाहतीत मिळते ते या घरात आणावयाचे.

काचेतून प्रकाश कसा वाहतो

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती मुठीत घेऊन पाहावी, हा धान्याच्या व्यापाराचा पहिला नियम आहे. त्याप्रमाणे मी प्रथम हे फायबर म्हणजे काय, हे समजून घेतले.

हा एक अतिशुद्ध काचेचा धागा असतो. त्याचा ज्या भागातून प्रकाश जातो तो गाभा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे नऊ भाग घ्यावे इतकाच रुंद असतो. त्याभोवती किंचित निराळ्या काचेचे वेष्टण असते. दोन्ही मिळून जाडी एका मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी भरते. प्रकाश गाभ्यात शिरला की वेष्टणाच्या कडेवरून पुनःपुन्हा आत परततो आणि बाहेर न सांडता पुढे जातो. या विद्येच्या प्रारंभी एका भारतीयाचे नाव आहे, हे अनेकांस ठाऊक नसेल. पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडन येथे हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठविण्याचे कार्य १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये असे दाखवून दिले की, काचेतील अशुद्धता काढून टाकली तर प्रकाश याच धाग्यातून कित्येक किलोमीटर नेता येईल. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी तशी काच प्रत्यक्ष तयार केली. आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. त्या काळी ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येई. आता ते काचेतून येते, इतकाच मुख्य फरक आहे.

या धाग्यातून जाताना प्रकाशात थोडी घट येते. घट हा शब्द आपणांस नवा नाही. गहू कोठारात राहिला की घटतो, वाहतुकीत सांडतो. येथे ती घट डेसिबल नावाच्या मापाने मोजतात. तीन डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला आणि दहा गेले म्हणजे दशांश उरला. सरळ धाग्यात एका किलोमीटरला एक तृतीयांश डेसिबलच्या आसपास घट येते, म्हणजे नगण्यच. शिवाय एकच धागा मोहल्ल्यातील एका पेटीत फाटे फोडून बहुधा बत्तीस घरांस वाटला जातो. त्या वाटणीत मात्र पंधराहून अधिक डेसिबल खर्च होतात. मग जे उरते त्यावर घरातील डबा चालावयाचा असतो. साधारणपणे उणे सत्तावीसपर्यंतचा क्षीण प्रकाश तो डबा ओळखू शकतो. त्याखाली गेला की त्यावरचा तांबडा दिवा लागतो आणि काम थांबते.

पहिला प्रयत्न व त्याचे फळ

जोडणी देणारा मनुष्य एका सकाळी आला. त्याने खांबावरून तार आणून ओसरीच्या भिंतीवर लहानशी पेटी ठोकली आणि खालीच डबा लावून दिला. प्रकाश मोजून त्याने सांगितले, “सेठजी, उणे एकोणीस आहे, उत्तम आहे. पण या भिंतींतून वायफाय माडीवर चढणार नाही. आतले काम तुमचे तुम्ही पाहा.” त्याचे म्हणणे खरे होते आणि त्याने ते स्पष्ट सांगितले, याबद्दल मी त्यास दोष देत नाही.

मग मी बाजारातून वीस मीटरची दोन्ही टोके तयार असलेली काचेची तार आणली. उद्देश असा की, डबा घराच्या मधोमध न्यावा. गवंड्यास बोलावून ओसरीपासून चौकापर्यंत भिंतीत चर खोदविला, तार त्यात घातली आणि वरून गिलावा करून घेतला. ओसरीच्या कोपऱ्यावर व चौकाच्या कोपऱ्यावर तार काटकोनात वळवून चांगली दाबून बसविली. काम इतके नीट दिसत होते की, कोठून तार गेली हे कोणासही ओळखू येऊ नये. मला त्याचा अभिमान वाटला. हा अभिमान तीन दिवस टिकला.

दोन दिवस डबा कसाबसा चालला. चौथ्या दिवशी, सूनबाईच्या कंपनीतील मोठी बैठक चालू असताना, तांबडा दिवा लागला. चैत्राचे ऊन होते. मोबाइलला लहर मिळावी म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन गच्चीवर गेली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तिने बैठक पुरी केली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. तरीही ती मला एवढेच म्हणाली, “बाबा, होईल नीट.” मी मान वर करू शकलो नाही.

जोडणीवाल्याने येऊन मोजले. ओसरीत उणे एकोणीस आणि चौकात उणे एकतीस. बारा डेसिबल घरात गेले होते. त्याचा अर्थ नातवाने कागदावर मांडून दाखविला. दाराशी सोळा आणे प्रकाश आला होता आणि चौकात त्यातला एकच आणा पोहोचला होता. दूरवरून किलोमीटरचे किलोमीटर चालत आलेल्या प्रकाशाची तितक्या वाटेत जी घट झाली नाही, ती आमच्या साठ फुटांत झाली. कारण उघड होते. काचेचा धागा तीव्र वळला की प्रकाश गाभ्यातून बाहेर सांडतो. माझे दोन काटकोन आणि खुंटीसाठी पत्नीने ठोकलेला एक खिळा, यांनी ती वाट अडविली होती. परंतु नेमके कोठे अडले आहे, हे पाहण्यास काही मार्ग नव्हता. सारे गिलाव्याखाली होते. भिंत फोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

कुंडी भंडाऱ्यावर

त्याच आठवड्यात नातवाच्या शाळेची सहल कुंडी भंडारा पाहण्यास निघाली आणि वडील मंडळींपैकी एक म्हणून मी सोबत गेलो. ज्यास कित्येक लोक खुनी भंडारा म्हणतात, तोच हा. जन्म बुऱ्हाणपुरात गेला, परंतु मी तो लक्ष देऊन कधी पाहिला नव्हता.

बादशहा जहांगीरच्या राजवटीत, सुभेदार अब्दुल रहीम खानखाना याच्या काळी, १६१५ च्या सुमारास ही योजना झाली. फारसी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने असे ताडले की, सातपुड्यावर पडणारे पावसाचे पाणी भूमीच्या पोटातून तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच अडवून भुयारांतून शहराकडे वळविले तर पंपावाचून, नुसत्या उताराने, पाणी दारी येईल. तशी भुयारे खणली गेली. त्यांवर ठराविक अंतरावर उभ्या विहिरी आहेत. त्यांनाच कुंड्या म्हणतात. या एका भंडाऱ्यावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. हे पाणी जाळी करंज येथे जमा होऊन तेथून शहरात वाटले जाई. जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळाचे पाणी पोहोचलेला देशातील पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बुऱ्हाणपूरचे नाव जाहीर झाले. त्या कीर्तीचा पाया चारशे वर्षांपूर्वी कोणी घातला, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

पाळण्यात बसून आम्ही सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. स्वच्छ पाणी पायांशी वाहत होते. नातवाने विचारले, “आजोबा, पाणी खालूनच जायचे होते तर वर इतक्या विहिरी कशाला खणल्या?” दाखविणाऱ्या मनुष्याने उत्तर दिले, “खाली हवा जावी म्हणून. आणि काही अडले तर माणसाला उतरता यावे म्हणून.”

त्या उत्तराने मला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नसते. ज्याने भुयार खणले त्याला आपल्या कामाचा अभिमान असेलच. तथापि ते एक दिवस तुंबेल, हे त्याने आधीच मान्य केले होते. म्हणून वाट झाकली, पण पाहण्याची जागा उघडी ठेवली. मी वाट झाकली आणि ती जागाही झाकली. चारशे वर्षे टिकलेल्या कामात व तीन दिवसांत फसलेल्या कामात एवढाच भेद होता.

दुसरा प्रयत्न

घरी येऊन मी व नातवाने पुन्हा आखणी केली. या वेळी काय केले ते क्रमाने सांगतो. ज्यांची घरे जुनी आहेत त्यांस ते उपयोगी पडेल.

प्रथम वाट दोरीने मोजली व कागदावर काढली. विजेच्या तारांची वाट त्यावर निराळ्या रंगाने दाखविली. भिंत पुन्हा खोदली नाही. तुळईच्या कडेने एक इंच व्यासाची प्लॅस्टिकची नळी नेली. वळणावर काटकोनी तुकडे न लावता लांब वळणाचे तुकडे लावले. दारापाशी, दोन्ही कोपऱ्यांवर आणि शेवटी, अशा चार ठिकाणी झाकण उघडता येईल अशा लहान पेट्या बसविल्या. नातवाने त्यांवर खडूने क्रमांक घातले व त्यांना “कुंड्या” असे नाव दिले. तेच नाव आता घरात रूढ झाले आहे.

नळीतून तार ओढण्यास नायलॉनची दोरी वापरली. पोते शिवण्याची सुतळी मी आधी घेतली होती. परंतु ती ओल धरून कुजेल, हे बारदान हाताळणाऱ्या मनुष्यास कोणी सांगावयास नको. एक जादा दोरी नळीत तशीच राहू दिली, म्हणजे पुढे तार बदलावी लागली तर ती ओढून घेता येईल. प्रत्येक कुंडीत हातभर तार वेटोळे करून ठेवली. वेटोळे वाटीच्या तोंडाहून लहान होऊ द्यावयाचे नाही, हा सोपा नियम लक्षात ठेवावा. तार घेताना अधिक वळण सोसणारी, जाड आवरणाची घेतली. टोकांचा रंगही पाहिला. हिरवे टोक किंचित तिरपे घासलेले असते व निळे सरळ असते. हिरव्यास हिरवेच जोडावे, अन्यथा जोडावर प्रकाश वाया जातो. टोकाची टोपी अखेरपर्यंत काढू नये व त्यास बोट लावू नये. धुळीचा एक कणही त्या गाभ्याहून मोठा असतो.

डबा चौकातील कोनाड्यात, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर ठेवला. पूर्वी तो मी पत्र्याच्या कोठीमागे लपविणार होतो. परंतु पत्रा वायफायच्या लहरी अडवितो. चौकापासून माडीपर्यंत मात्र तांब्याची संगणकाची तार नेली आणि वर दुसरा वायफायचा डबा लावला. ही तार शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. जाड भिंतीशी लहरींची झुंज लावण्यापेक्षा भिंतीतून तार नेणे शहाणपणाचे होय. तांब्याची तार विजेच्या तारांपासून दूर ठेवली. वीज गेल्यावर डबा चालू राहावा म्हणून लहान बॅटरीची पेटी जोडली. डब्याखाली छापलेला सांकेतिक शब्द त्याच दिवशी बदलला. तिजोरीची किल्ली तिजोरीवरच टांगून कोणी ठेवीत नाही.

हे सारे जोडल्यावर जोडणीवाल्यास मोजावयास बोलाविले. चौकात उणे साडेएकोणीस. अर्धा डेसिबल गेला होता. सोळा आण्यांतील चौदा आणे आत पोहोचले. नळ्या, पेट्या, तारा, वरचा डबा आणि बॅटरी मिळून खर्च पाच हजारांच्या आत आला. पहिल्या प्रयत्नात भिंत खोदण्यास, लिंपण्यास व पुन्हा फोडण्यास याहून अधिक गेले होते.

काय स्वतः करावे व काय करू नये

स्वतः करावे याचा अर्थ सर्वच स्वतः करावे, असा नव्हे. खांबावरची तार, मोहल्ल्यातील पेटी आणि डब्याची नोंदणी ही जोडणी देणाऱ्याची कामे आहेत. त्यांस हात लावू नये. काचेचा धागा तुटल्यास तो यंत्राने वितळवून जोडावा लागतो. तेही जाणत्यानेच करावे. काचेच्या तुकड्यांना नुसता हात लावू नये. ते दिसत नाहीत व त्वचेत शिरतात. विशेषतः मुलांस बजावून ठेवावे की, तारेच्या टोकात डोळा लावून पाहावयाचे नाही. आतला प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण तो असतो. काचेतून वीज येत नाही. तथापि बाहेरच्या तारेसोबत आधाराची लोखंडी तार असते, ती घरात घेऊ नये. नदीकाठी पावसाळ्यात विजा किती कडाडतात, हे आपण जाणतोच.

परंतु घरातली वाट आपली आहे. ती आखणे, मोजणे, कागदावर काढून ठेवणे आणि तीत पाहण्याची जागा राखणे, हे घरच्या माणसाचेच काम आहे. बाहेरचा मनुष्य दारापर्यंत सोळा आणे आणून देतो. त्यांतले किती आत पोहोचावयाचे, हे आपल्यावर असते. व्यापारातही मी हेच पाहिले आहे. जी वही घरातील दुसऱ्या कोणास उघडून पाहता येत नाही, ती कितीही नीटनेटकी असली तरी एक दिवस घात करते.

भाद्रपदात एकदा तांबडा दिवा पुन्हा लागला. मी दुकानात होतो. नातवाने कागद काढला, स्टुलावर चढून एकेक कुंडी उघडली आणि तिसऱ्या कुंडीत उंदराने कुरतडलेली तार शोधून काढली. जादा दोरीने संध्याकाळपर्यंत नवी तार ओढली गेली. भिंतीस धक्का लागला नाही आणि मलाही कोणी बोलाविले नाही. मागाहून कळले तेव्हा आनंद झाला, आणि खरे सांगावयाचे तर थोडे चुकल्यासारखेही वाटले.

अजमासाचे सहा महिने आश्विनात संपले. सूनबाईची मुभा कायम झाली. नव्या वसाहतीतील घराचा विषय त्यानंतर जेवताना निघालेला नाही. माझी पत्नी पूर्वीप्रमाणेच सकाळी माडीच्या खिडकीतून तापीचे पाणी पाहते. त्याच खिडकीशी, पलीकडच्या मेजावर, सूनबाई पुण्याचे हिशेब पाहत असते.

ज्या बंधुभगिनींची घरे जुनी व भिंती जाड आहेत, त्यांनी घर सोडण्याचा विचार करण्यापूर्वी एकवार दोरी घेऊन आपल्या घराची वाट मोजून पाहावी, आणि वाट झाकताना एखादी कुंडी उघडी ठेवावी, इतकेच नम्रपणे सुचवून हा लेख पुरा करतो.